आईच्या तोंडचे शब्द

१

न्यायालयातल्या पडद्यावर आई दिसली, तेव्हा ताईला आधी बरंच वाटलं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि एवढ्या महिन्यांत तिचा आवाज कानावर पडला नव्हता. मग आई बोलायला लागली.

"घर लेकाचं. लेकींना काय द्यायचं? त्या परक्या घरच्या. दिलं तेवढं पुष्कळ झालं. माझ्यामागे कुणी कुरकुर करायची नाही."

आई खुर्चीत ताठ बसली होती. तोंडात कवळी नव्हती, त्यामुळे गाल आत गेलेले आणि शब्द जरा फुसफुसत येत होते. खांद्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. एकेक वाक्य झालं की ती दोन बोटांनी ओठ पुसायची. मध्ये एकदा चित्र जरासं अडखळलं. शेवटचं वाक्य संपलं, तिने ओठ घट्ट मिटले आणि पडदा काळा झाला.

दादा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होता. त्याचा आवाज नेहमीसारखाच शांत, समजूतदार. "आईच्या शेवटच्या महिन्यात, तिच्याच खोलीत मी हा व्हिडिओ काढला. खोलीत आम्ही दोघंच होतो. आजारपणात कवळी बसत नव्हती तिला. मृत्युपत्रावर सही केली त्याच दिवशी ती म्हणाली, हेही काढून ठेव."

त्या मृत्युपत्रावरून गेले कित्येक महिने रणं माजली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचा हात थरथरायचा. सही तिची असेलही, नसेलही, असं हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगून हात झटकले होते. साक्षीदार दोघंही दादाचे मित्र. ताई आणि धाकटी या दोघी बहिणींचा दावा जवळजवळ जिंकल्यात जमा होता. आता आईनेच उलटी साक्ष दिली.

बाहेर व्हरांड्यात ताई बाकावर बसली ती बसलीच. दातांच्या कवळ्या बनवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आईची कवळीही तिनेच बनवलेली, एकेक दात तीनतीनदा घासून. त्याच आईने 'परक्या घरची' म्हणावं?

धाकटीने तिचा हात धरला. "ताई, नको गं एवढं लावून घेऊस. आई मनापासून बोलली नसेल. नंतर हसलीच ना ती?"

ताईने नुसती मान हलवली. तिच्या डोक्यात काही शिरतच नव्हतं. घरी जाऊन तिने पहिलं काम काय केलं, तर कपाटावरचा आईचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

२

दावा मागे घ्यायचा, असं ठरवूनच ताई वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाईंना बारमाही सर्दी. टेबलावर कायद्याची पुस्तकं कमी आणि चुरगळलेले रुमाल जास्त. त्या फार वर्षं फौजदारी खटले चालवून मग घरगुती भांडणांकडे वळल्या होत्या. त्या म्हणायच्या, "खुनी माणूस निदान एकदाच मारतो. भावंडं हप्त्याहप्त्याने मारतात."

ताईचं बोलणं त्यांनी मध्येच तोडलं. "मागे घ्यायचा तर घ्या. पण आधी एक करू. मी हा व्हिडिओ तीन दिवस बघतेय. आवाज बंद करून तुम्हीही बघा."

"मला नाही बघवणार."

"आईकडे बघू नका. कुणीतरी अनोळखी बाई आहे, असं समजा."

चित्र सुरू झालं. आवाजाविना आई वेगळीच दिसत होती. हनुवटी वर, छाती पुढे, गुडघ्यावर एक हात रोवलेला.

"आता हा दुसरा हात," वकीलबाई म्हणाल्या. "काय करतोय?"

"ओठ पुसतेय. कवळी नसली की लाळ येते, त्यात काय?"

"तुम्ही पुसाल कसे? पुसून दाखवा बरं."

ताईने हाताच्या पालथ्या बाजूने ओठ पुसले.

"मी तर रुमाल घेईन. सगळं जग असंच पुसतं. आणि ही बाई? चिमटीत वरच्या ओठाचा मधला भाग धरते आणि दोन बोटं दोन बाजूंना नेते. जवळजवळ दर वाक्याला हेच." वकीलबाई जोरात शिंकल्या. "आणखी एक. एवढं बोलली तुमची आई, पण एकदा तरी 'मी देते' म्हणाली? 'मी सांगते' म्हणाली? बाईमाणूस स्वतःच्या घराबद्दल बोलतंय आणि 'देते-सांगते' असं बाईचं रूप एकदाही नाही? मध्ये एकदा चित्र अडखळलं, तिथे काय होतं आणि ते कुणी कापलं?"

"मला कळत नाहीये."

"मलाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण एक सांगा," वकीलबाई टेबलावर पुढे वाकल्या, "तुमच्या आईला मिशा होत्या का हो?"

३

पुढच्या दोन दिवसांत वकीलबाईंनी आईच्या शेवटच्या महिन्यात घरात कोण कोण होतं, ते सगळं विचारून घेतलं. माणसं मोजकीच. दादा आणि वहिनी खालच्या मजल्यावर, आईच्या शेजारच्या खोलीत. नवऱ्यापासून वेगळी झालेली धाकटी वरच्या खोलीत. तिथेच तिचं शिवणाचं मशीन. आणि दिवसभर आईची शुश्रूषा करणारी सिस्टर.

सिस्टरवर ताईचा पहिल्यापासून संशय होता. दादाने तिला नंतर ओळखीच्या दवाखान्यात कायमची नोकरी लावून दिली होती. वकीलबाईंनी तिला दवाखान्याच्या उपाहारगृहात गाठलं. ताई सोबत होती.

"व्हिडिओ मी काढला असं वाटतंय ना तुम्हाला?" सिस्टर सरळच म्हणाली. "मला नोकरी मिळाली ती माझ्या कामावर. आजी गेल्या त्या दिवशी तुमच्या घरचं कुणी जेवलं नव्हतं. मीच सगळ्यांना बसवून वाढलं."

ताई वरमली.

"भांडायला नाही आलो," वकीलबाई म्हणाल्या. "आजींची कवळी बसत नव्हती का शेवटी?"

"कोण म्हणतं? डॉक्टर ओरडायचे, रात्री तरी काढा. मी काढायला गेले की आजी आधी दाराला कडी लावायला सांगायच्या, तोंडावर हात धरायच्या. सकाळी डोळा उघडला की पहिली कवळी, मग चहा. मरणाच्या दारात होत्या, पण नखरा तसूभर कमी नाही." सिस्टर हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "म्हणायच्या, माझ्या लेकीने केलीय, हिच्यासारखी दुसरी नाही."

ताईने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

वहिनीला भेटणं अवघड होतं. ती दुसऱ्या पक्षाची. पण ती आपण होऊन बाजारात ताईसमोर येऊन उभी राहिली आणि घडाघडा बोलली. "तुम्हाला वाटत असेल, हे सगळं मी करवतेय. मला विचाराल तर हा व्हिडिओ मी न्यायालयातच पहिल्यांदा पाहिला. नवरा आहे, साक्ष त्यांच्याविरुद्ध देणार नाही. पण सासूबाईंनी मला आयुष्यात कधी हिरड्या दाखवल्या नाहीत. मलाच काय, ह्यांनाही नाही. एकदा कवळी धुवायला काढलेली होती तर पोटच्या लेकाला बाहेर ताटकळत ठेवलं होतं त्यांनी, मी स्वतः पाहिलंय."

"मग त्याच्यासमोर तोंड उघडून कशी बसली?"

"तेच मी ह्यांना विचारलं." वहिनीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तर परवापासून माझ्याशी बोलत नाहीत."

४

मावशीकडे ताई एकटीच गेली. आईची ही धाकटी बहीण. थकलेली, एका डोळ्याने अधू, पण कान तिखट. वकीलबाईंनी बजावलं होतं, आधी काहीही सांगू नका, फक्त दाखवा.

ताईने व्हिडिओ लावला. पहिल्याच वाक्याला मावशी खुदकन हसली. दुसऱ्याला तिने टाळी वाजवली. "अगं बाई, अण्णा!"

"कोण अण्णा?"

"आमचे वडील गं! तुझे आजोबा. तू पाळण्यात होतीस तेव्हा गेले. हे बघ, हे बघ, मिशीला पीळ! गुडघ्यावर हात! घर मामाच्या नावावर केलं, तेव्हा आम्हा दोघींना समोर बसवून हेच बोलले होते. 'मी सांगतो ते ऐका. घर लेकाचं. लेकींना काय द्यायचं?' शब्दन् शब्द तोच."

आई टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती. दिवसभर लोकांचे आवाज ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, साहेबांच्या, डॉक्टरांच्या नकला करायची. पोट दुखेस्तोवर हसवायची. पण आजोबांची नक्कल ताईने कधी पाहिली नव्हती, आणि ती तसं म्हणालीही.

"तुम्हाला कशी दाखवेल?" मावशी म्हणाली. "जखमेवरची खपली होती ती. आम्ही दोघीच असलो की करायची. लग्नाआधी काजळाची मिशी काढून करायची. म्हणायची, 'अण्णांचं बोळकं काही जमत नाही. माझे दात पडले की बघ, अगदी हुबेहूब करून दाखवेन.'" मावशीने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. "जमलं गं तिला. अगदी जमलं."

ताई तिथेच हमसून रडली. इतके दिवस जो दगड छातीवर होता तो क्षणात उतरला. आईने तिला परकी म्हटलंच नव्हतं. उलट ज्याने आईला परकी म्हटलं होतं, त्याला आई चिडवत होती.

मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिचा हात थांबला. "पण हे तुझ्या दादाकडे आलं कसं? मामाचा लाडका भाचा तो. त्याच्यासमोर ती अण्णांचा विषयसुद्धा काढायची नाही. ही नक्कल बाईने बाईसमोर करायची होती."

ताईने डोळे पुसले.

"मी नव्हते," मावशी म्हणाली. "मग समोर कोण होती गं?"

५

"आता तरी सुटलं ना कोडं?" ताई वकीलबाईंना म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी होती. "नक्कल आहे, एवढं सिद्ध झालं तर पुरे."

"पुरे नाही. मावशी पक्षपाती आहे म्हणतील. अख्खा व्हिडिओ हवा, म्हणजे तो काढणारं माणूस हवं." वकीलबाईंनी नाक पुसलं. "आणि ते कोण हे तुम्हाला कळलंय. म्हणून तर तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात."

ताईने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"तुमचा दादा म्हणतो, आईच्या खोलीत काढला. त्या खोलीला ऊन लागतं?"

"नाही. शेजारच्या इमारतीची भिंत आहे."

"आईच्या खांद्यावर पट्टा होता उन्हाचा. घरात ऊन कुठे येतं?"

"वर," ताई हळूच म्हणाली. "झटक्याच्या आधी आई रोज वर जायची. ऊन खायला. पण दादाही वर जाऊ शकतो. वहिनी जाऊ शकते. सिस्टर…"

"सिस्टर झटक्यानंतर आली, तेव्हा आईला जिना चढता येत नव्हता. वहिनीला तिने हिरड्या दाखवल्या नाहीत, दादाला तर नाहीच. मावशी नव्हती, तुम्ही नव्हता. उरलं कोण?"

"ती माझ्या बाजूने लढतेय! तिचाही वाटा जातो यात. स्वतःच्या पायावर कोण धोंडा मारून घेईल?"

"म्हणूनच तिच्यावर कुणाची नजर गेली नाही. माझीसुद्धा." वकीलबाई म्हणाल्या. "व्हिडिओ पाहिला त्या दिवशी तुम्हाला कोण काय म्हणालं, ते सगळं तुम्ही मला सांगितलंत. धाकटी काय म्हणाली होती?"

"धीर देत होती. आई मनापासून बोलली नसेल, म्हणाली. नंतर हसलीच ना ती, म्हणून."

बोलता बोलता ताईचा आवाज बारीक होत गेला.

"न्यायालयातल्या व्हिडिओत तुमची आई हसत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ओठ मिटते आणि चित्र संपतं. हसताना तिने पाहिलं कुठे?"

६

वरच्या खोलीत धाकटी मशीनवर कुणाची तरी विजार आखूड करत होती. ताईचा चेहरा बघून तिने मशीन थांबवलं.

"अण्णांची नक्कल तुझ्यासमोर केली होती आईने," ताई म्हणाली.

धाकटीने नाही म्हणून बघितलं नाही. तिने विजार नीट घडी घालून बाजूला ठेवली. "कधीतरी कळणारच होतं तुला."

"का केलंस?"

"आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. जेवता जेवता तू म्हणालीस, घर विकू, तीन वाटे करू, मोकळे होऊ. भाजी वाढ म्हणावं इतक्या सहज. तुला घर आहे, दादाला घर घेता येईल. एक तृतीयांशात मी कुठे जाणार, विचारलंस?"

"मग भांडायचंस माझ्याशी! ओरडायचंस!"

"तुझ्याशी कोण भांडणार? तू कायम बरोबर असतेस." धाकटीने मशीनमधला दोरा तोडला. "दादाने शब्द दिला, 'घर माझ्याकडे आलं तर वरचा मजला तुझ्या नावावर.' मृत्युपत्र त्याचं, मला त्यातलं ठाऊक नाही. पण दाव्यात ते टिकेना, तेव्हा त्याने आईचं काही बोलणं आहे का विचारलं. मी पुढचं-मागचं आणि मधलं एक वाक्य काढून त्याला पाठवलं."

"आणि माझ्या शेजारी बसत होतीस ते?"

धाकटी खाली बघत राहिली. "दादा म्हणाला, ताईच्या बाजूनेच राहा. वकीलबाईंचं काय चाललंय ते कळेल."

दादाने फसवलं होतं, ते ताईने कधीच पचवलं होतं. त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती. पण पहिल्या तारखेपासून जी हात धरून बसली, जिच्या खांद्यावर डोकं ठेवून आपण आईबद्दल नाही नाही ते बोललो, ती दर वेळी घरी जाऊन सगळं दादाला सांगत होती.

"घर गेलं असतं तरी चाललं असतं गं," ताई म्हणाली. "मी आईला शिव्या घातल्या. दुष्ट म्हटलं. तिचा फोटो भिंतीकडे फिरवून ठेवला मी. तुला सगळं माहीत होतं. रोज बघत होतीस. एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं."

"अख्खा व्हिडिओ पुसलास?"

धाकटीने फोन पुढे केला. "पुसायला बोट धजलं नाही."

आई पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच उन्हात बसली होती. कवळी काढून तिने रुमालात ठेवली, मानेला झटका दिला आणि अदृश्य मिशीला पीळ भरला. "मी सांगतो ते ऐका. घर लेकाचं." मग पुढचं सगळं, मधलं "मी बाप म्हणून सांगतो" सुद्धा. शेवटच्या वाक्यानंतर तिने ओठ घट्ट मिटले, कारण हसू आवरत नव्हतं. आणि ते फुटलंच. खुर्चीत पुढेमागे डुलत ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"असा बाप होता माझा," धाप लागलेली आई म्हणाली. "गेला तेव्हा मला रडूच येईना. तसलं मरण मला नको गं बाई. दे ती कवळी इकडे. आणि ताईला सांगू नकोस हं, नकलांसाठी काढून ठेवते म्हणून. रागवेल ती."

खोलीत मग दोघी बहिणी होत्या आणि मशीनशेजारी घडी घातलेली अर्धवट विजार होती. कुणी कुणाला हात लावला नाही.

७

दादाला वकीलबाईंनी एकच प्रश्न विचारला, "आईच्या खोलीत ऊन कोणत्या खिडकीतून येतं?" तो अडखळला. मग पडद्यावर अख्खा व्हिडिओ लागला. आई हसायला लागली, तेव्हा न्यायाधीशांनीही मान खाली घालून कागद सारखे केले. वहिनी मागच्या बाकावरून उठून निघून गेली. दादाची एक साक्ष खोटी ठरली, तिच्यामागोमाग त्याचे मित्र डगमगले आणि मृत्युपत्र रद्द झालं. घर तिघांचं, सारख्या वाट्याने.

व्हरांड्यात धाकटी खांबापाशी उभी होती. तिने स्वतः साक्ष दिली होती, न रडता, काही न लपवता. ताई जवळ आली तशी ती सरळ झाली.

"मी माझा वाटा विकणार नाही," ताई म्हणाली. "दादाला त्याच्या वाट्याचा मोबदला कसा द्यायचा ते वकीलबाई बघतील. तू वर राहा. तुला कुणी हलवणार नाही."

"ताई…"

"राहा म्हटलंय. त्यापुढे काही म्हटलं नाहीये मी."

धाकटीने हात पुढे केला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. "येऊ कधी तुझ्याकडे? बोलायला?"

ताईने पदर सारखा केला.

"आईसाठी रडायचं राहिलंय माझं," ती म्हणाली. "एवढे दिवस रागातच गेले. आधी ते होऊ दे."

आणि ती एकटीच बाहेर पडली.